गोफाची उलटी पावलं

आत

गोफ अडकला होता.

शाळेच्या सभागृहातल्या तुळईला एक लोखंडी कडी, कडीला आठ रंगीत दोऱ्या, आणि एकेका दोरीचं टोक धरून नववीतल्या आठ मुली गोल करून उभ्या. वर हातभर वेणी सुरेख पडलेली. तिच्या खाली मुठीएवढा गुंता.

हेडमास्तर सामंतांनी मला तास सोडून बोलावून आणलं होतं.

"ढोबळे, तुम्ही गणितवाले. सोडवा."

"मी? नाच?"

"नाच नाही हो, गुंता. संमेलन तोंडावर आलंय आणि हा रोज अडकतोय."

उंच स्टुलावर उभ्या राहून राऊळ बाई गुंत्यात बोटं घालत होत्या. शिवणाच्या बाई, दरवर्षी गोफही त्याच बसवत. मी त्या शाळेत नवा होतो. 'नमस्कार' सोडून आमचं बोलणं झालेलं नव्हतं.

"कात्री आहे का?" मी विचारलं.

मुली खिदळल्या.

"कात्र्या माझ्याकडे पेटीभर आहेत, सर," बाई वरूनच म्हणाल्या. "गोफाला लावत नाहीत."

"का?"

"गोफ विणायचा आणि उलगडायचा. जितकं नाचलो तितकं उलटं नाचायचं. शेवटी आठही दोऱ्या सुट्या लोंबायला हव्यात, कुणी हातच लावला नव्हता अशा. नुसती वेणी काय, कुणीही घालील."

मला एकदम हुरूप आला. वर्गात फळ्यावर मी तेच लिहून आलो होतो. खिशातला खडू काढून तिथेच फरशीवर बसलो.

"हे बघा. तीन मिळवले, पाच मिळवले. आता उलट. तीन वजा, पाच वजा. आलं शून्य. आधी पाच वजा केले तरी शून्यच. क्रमाची भानगडच नाही. चला मुलींनो, घेतली ती पावलं उलटी घ्या. कुठूनही सुरुवात करा."

मुलींनी माझं ऐकलं. मुठीएवढा गुंता नारळाएवढा झाला आणि सुगंधा धुरीची वेणी त्यात अडकून ती चवड्यांवर उभी राहून ओरडायला लागली.

बाई स्टुलावरून उतरल्या. हसू दाबायचा त्यांनी जरासुद्धा प्रयत्न केला नाही.

"सर, तुम्ही कधी टाके उसवलेत?"

"नाही."

"शेवटच्या टाक्यापासून उसवतात. तुम्ही पहिल्यापासून उसवून दाखवा, मी नोकरी सोडते."

मी खडू खिशात टाकला. जायला निघालो, आणि दारातून परत वळलो.

"शेवटचं पाऊल कुठलं होतं?"

"म्हणजे?"

"विणून संपलं तेव्हा या मुलींनी शेवटी काय केलं?"

"शेवटी नमस्कार केला," सुगंधा म्हणाली. "लोकांका."

"त्याच्या आधी?"

गोफात दोनच पावलं असतात. समोरून येणारीच्या आतून जायचं, मग पुढचीच्या बाहेरून. आत, बाहेर, आत, बाहेर; समोरच्या चौघींचं याच्या उलट. बाई बोटांवर मोजत मनातल्या मनात नाचल्या. त्यांचे ओठ हलत होते.

"बाहेर," त्या म्हणाल्या.

"आणि नमस्कारानंतर पहिलं पाऊल?"

"आत. नाच आतनेच सुरू..." त्या थांबल्या. मग कपाळावर हात मारला. "अगो बाय! नमस्कार करून निघाल्या की यांना वाटतं नवा नाच सुरू झाला."

"बाहेरने थांबलं तर बाहेरनेच निघायला हवं."

"हां." त्यांनी माझ्याकडे पहिल्यांदा नीट बघितलं. "तुमचं गणित अगदीच वाया नाही गेलेलं."


बाहेर

गणिताचे कामत सर गोठ्याच्या छपरावरून पडले आणि त्यांचं कमरेचं हाड मोडलं, म्हणून मी साळगण्याला आलो होतो. रजेच्या जागेवर. मी बार्शीचा. कुडाळच्या पुढे असं एखादं गाव आहे हे मला ऑर्डर हातात पडली तेव्हा कळलं. सामंतांनी पहिल्याच दिवशी खुर्ची दाखवली आणि म्हणाले, "कामत आले की तुम्ही मोकळे."

मोकळं व्हायची मला घाईच होती. भात घशाखाली उतरत नव्हता. मुलं काय बोलतात ते निम्मं कळत नव्हतं. रात्री कौलांवर काहीतरी चालायचं.

नंतर घाई राहिली नाही. कुठल्या दिवशी, ते सांगता येत नाही. बहुधा त्या खडूच्याच दिवशी.

त्यानंतरच्या आठवड्यात, नववी अ. वास्तव संख्यांचे गुणधर्म. फळ्यावर माझं अक्षर:

अ + ० = अ
अ × १ = अ
अ + (−अ) = ०
अ × १/अ = १, अ शून्य नसेल तर

"बेरजेचा अविकारक शून्य. गुणाकाराचा अविकारक एक. अविकारक म्हणजे ज्याने काही बदलत नाही. कळलं?"

सुगंधा उभी राहिली. या मुलीला बसून विचारताच यायचं नाही.

"सर, काय होवचाच नाय, तर मिळवूचा कित्याक?"

वर्ग हसला. मीही.

"बरोबर आहे तुझं. शून्य मिळवायला कुणी जात नाही. पण शून्य नसेल तर पुढची ओळ लिहिता येईल का? अ मध्ये त्याची विरुद्ध संख्या मिळवली. कुठे पोचलो? पोचायला काहीतरी जागा हवी ना?"

तिला पटलं नाही. पण बसली.

"आणि ही तिसरी ओळ. प्रत्येक संख्येला तिची विरुद्ध संख्या असतेच."

"असतेच?" मागच्या बाकावरून कुणीतरी.

"असतेच. शोधत फिरावं लागत नाही. संख्या आहे म्हणजे तिची विरुद्ध संख्या आहेच."

"कोण म्हणतं?"

आवाज बाकावरून नव्हता, खिडकीतून होता. राऊळ बाई तालमीला मुली न्यायला आल्या होत्या आणि गजांना धरून फळा वाचत होत्या.

"पुस्तक म्हणतं," मी म्हणालो.

"बरं आहे पुस्तकाचं," त्या म्हणाल्या, आणि मुलींना घेऊन गेल्या.


आत

तरंगिणी पेडणेकरला कांजिण्या आल्या. सात मुली, आठ दोऱ्या.

सामंतांनी तोडगा काढला की आठवी दोरी कुणीतरी नुसती धरून उभं राहावं. बाई म्हणाल्या, उभं राहिलं तर बाकीच्या त्याच्याभोवती फिरणार, त्याला वेणीत घेणारच. नाचावंच लागेल. मग सगळे शिक्षक एकदम कामात दिसायला लागले, आणि संध्याकाळच्या तालमीला पिवळी दोरी माझ्या हातात आली.

सत्तावीस वर्षांचा, चष्मेवाला, लेंग्याचा नाडा सतत चाचपणारा मी, आणि सात मुली. पेटीवर सामंत.

"आत! सर, आत! ता बाहेर झाला!"

"माझं आत कुठलं?"

"हातात दोरी असा ता आत!"

बाई माझ्या मागे मागे चालत. कोपराला धरून मला वळवत, मग त्यांच्या लक्षात येई आणि त्या कोपर सोडून बाही धरत. तेवढी बाही मला आजही आठवते. निळी, बारीक रेघांची. कोपराजवळ जरा उसवलेली होती. शिवणाच्या बाईंना ते दिसत असणार.

कधीतरी मला जमलं. म्हणजे पाय मोजायचे थांबले. समोरून सुगंधा आली, मी आतून गेलो, पुढची आली, बाहेरून, आणि वर बघितलं तर माझी पिवळी दोरी इतर सातांच्या आतबाहेर होत वेणीत चालली होती. माझी कुठली हे सांगता येईना. मग नमस्कार. मग बाहेर. आणि सगळं उलटं, सावकाश, एकेक पीळ सुटत, आठही दोऱ्या सरळ.

मुली घरी गेल्या. मी पायरीवर बसून घाम पुसत होतो. बाई दोऱ्या गुंडाळत होत्या.

"तरंगिणी बरी होईल संमेलनापर्यंत," त्या म्हणाल्या. "डॉक्टर म्हणाले."

"म्हणजे मी इथूनही मोकळा."

"वाईट वाटतंय?"

"माझं कामच ते आहे, बाई. कामत नाहीत म्हणून मी. तरंगिणी नाही म्हणून मी. ते दोघं परत आले की सगळं जसं होतं तसं. शून्य मिळवलं काय, न मिळवलं काय."

त्यांनी दोरीचं भेंडोळं मांडीवर ठेवलं.

"तुम्ही फळ्यावर लिहिलेलं मी वाचलं. अ अधिक शून्य बरोबर अ."

"हो."

"सगळे अ कडूनच बघतात. त्याला काय झालं, तर काही नाही. पण शून्याकडून बघा ना. ते अ होऊन बसलं."

मी गणितात बी.एस्सी. होतो. हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

खळ्याखळ्यांतून (इथे घरापुढच्या अंगणाला खळं म्हणतात) चुलीचा धूर निघायला लागला होता. मी विचारलं. विचारायचं नव्हतं, पण विचारलं.

"घरी कोण असतं तुमच्या?"

"सासू."

"आणि..."

"ते खलाशी होते. लग्नानंतर होळी झाली आणि जहाजावर गेले. पुढच्या होळीला येतो म्हणाले. कंपनीने कळवलं की एका बंदरात गावात जाऊन येतो म्हणून उतरले, ते परत चढलेच नाहीत." त्यांनी भेंडोळं उचललं. "मेले असं कुणी म्हणालं नाही. उतरले, एवढंच."

"किती वर्षं झाली?"

"नऊ होळ्या."


बाहेर

सावंतवाडीला मी वकिलाकडे गेलो. तिला न सांगता गेलो. बाजारहाट करायला चाललोय असं सामंतांना सांगितलं.

वकील म्हणाले, सोपं आहे. सात वर्षांत माणसाची काहीच खबर नसेल, तर कोर्ट तो हयात नाही असं धरतं. बाईला मोकळीक मिळते.

"एवढंच?"

"एवढंच. फक्त ज्यांना त्याची खबर लागायला हवी होती, त्यांनी येऊन सांगायचं, की लागली नाही. त्याची आई आहे ना? तिची साक्ष लागेल."

त्या आठवड्यात सामंतांनी मला बातमी दिली: कामत काठी घेऊन चालायला लागले. संमेलन झालं की सोमवारी रुजू.

मी हेमलताला (आता राऊळ बाई म्हणणं जमत नाही) शिवणाच्या वर्गात गाठलं. दार सताड उघडं ठेवून मी मशीनच्या पलीकडे उभा राहिलो.

"सोमवारी मी जातोय. मला जायचं नाहीये."

"मग राहा."

"राहायला जागा नाही. पण बार्शीला आहे. पर्मनंट होईल अशी. तुम्ही याल का?"

तिने मशीनचं चाक हाताने धरून थांबवलं. सुई कापडात तशीच राहिली.

"कशी?"

मी वकिलाचं सांगितलं. सगळं, एका दमात. साक्षीचंही.

तिने चाक फिरवून सुई कापडातून वर काढली.

"सर, गोफ का उलगडतो सांगू? नाचताना कुणी दोरी सोडून जात नाही म्हणून. उलटं नाचायला सगळे लागतात. मला उलटं नाचायची तयारी कधीचीच आहे. पण त्यांच्या दोरीला कोण?"

"पुस्तक म्हणतं..."

"असतेच म्हणतं. माहीत आहे."

"मी आजींना विचारू?"

"तुम्ही काय विचारणार? तुमचा मुलगा मेला असं सांगा, म्हणजे मला लग्न करता येईल?"

तरी मी गेलो. रविवारी सकाळी. म्हातारी खळ्यात बसून झावळ्यांचे हीर काढत होती, केरसुणीसाठी. सुरीची एक ओढ, आणि पात बाजूला, हीर हातात. हेमलता आतून माझ्यासाठी पाणी घेऊन आली आणि माझ्याकडे न बघता आत गेली.

"तुमी नवे मास्तर? खंयचे?"

"बार्शीचा, आजी."

"थंय माड आसत?"

"नाहीत."

"मगे लोक बघत काय बसतत?"

मी हसलो. तीही. दात नव्हते. मग तिने एक झावळी माझ्याकडे सरकवली, सुरी दिली, आणि मी दुपारपर्यंत हीर काढत बसलो. बोट कापलं. तिने हळद आणून लावली. मी काही विचारलं नाही. काय विचारायचं होतं ते मला माहीत होतं, आणि तिलाही माहीत असावं असं मला वाटत राहिलं. ती अधूनमधून पाणंदीकडे बघायची. माणूस दिसला की हातातली सुरी थांबायची. ओळखीचा निघाला की परत चालू.

मला ते बघवेना आणि उठवेनाही.


नमस्कार

संमेलन त्याच संध्याकाळी होतं. सगळं गाव. तरंगिणीच्या तोंडावर अजून डाग, पण उभी राहिली. पिवळी दोरी तिच्या हातात. मी प्रेक्षकांत.

म्हातारी माझ्या शेजारी येऊन बसली. मुद्दाम की जागा होती म्हणून, कोण जाणे.

हेमलता विंगेत उभी राहून ओठांनी बोलत होती. आत, बाहेर. वेणी उतरत गेली. मुली थांबल्या. नमस्कार. टाळ्या.

सुगंधाचा पाय सवयीने उचलला गेला, हवेत थांबला, आणि बाहेर पडला.

पीळ सुटायला लागले. मी एकदाही तिकडे नीट बघितलं नाही. विंगेतच बघत होतो, आणि माझ्या शेजारची म्हातारी मला बघत होती.

शेवटी आठ दोऱ्या. सरळ. कुणी हात न लावलेल्या.

"बरो झालो गोफ," ती म्हणाली.

"हो आजी."

"मास्तर."

"काय आजी?"

"तुमी तिका नेवा."

टाळ्यांत मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. पण ती पुढे बोलली, माझ्याकडे न बघता, स्टेजकडे बघत:

"पण माका बोलूक लावू नका."

आणि उठून, लोकांच्या पायांतून वाट काढत गेली.


बाहेर

तिला बोलावंच लागलं.

सोमवारी मी गेलो, आणि साक्षीच्या तारखेला परत आलो. कोर्टात म्हातारी एकटी उभी. पिंजऱ्याची कड तिच्या गळ्यापर्यंत यायची, म्हणून शिपायाने पायाखाली पाट दिला. वकिलाने विचारलं: मुलगा विश्राम, त्याची गेल्या इतक्या वर्षांत काही खबर? पत्र? निरोप? कुणी बघितला?

तिने आधी हेमलताकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग खिडकीतून बाहेर. तिथून रस्ता दिसत होता.

"नाय," ती म्हणाली. "काय्येक नाय."

लेखनिकाने लिहून घेतलं. तिने अंगठा दिला. शाई पदराला न पुसता तसाच अंगठा वर धरून ती एसटीत बसली आणि उतरून घरापर्यंत चालत गेली, मागे हेमलता, तिच्या मागे मी. पाणंदीत हेमलताने तिचा हात धरायचा प्रयत्न केला. "असांदे," म्हातारी म्हणाली. "शाय लागात तुका."

निकालाला वेळ लागला. लागला तेव्हा बार्शीला आम्ही रजिस्टर पद्धतीने लग्न केलं.

साळगण्याहून निघताना हेमलता तिला म्हणाली होती, "आये, तू पण चल. आम्ही तुला नेणारच."

मीही म्हणालो. मनापासून म्हणालो.

"आनी तो इलो तर?" म्हातारी म्हणाली. "घरात कोण? कुलूप बघून माघारी जायत."

कोर्टात सांगितलेलं ती विसरली नव्हती. ते तिने हेमलतासाठी सांगितलं होतं.


आत

बार्शीत हेमलता सुखात होती. हे मला सांगायला हवं, कारण पुढचं ऐकून लोक भलतंच समजतात. तिने भाकरी थापायला शिकून घेतली, माझ्या आईशी भांडली, दोघींचं जमलं, गल्लीतल्या मुलींना शिवण शिकवलं. आम्हाला मुलगी झाली, सावळी, तिच्यासारखी. ती पुढे शिकायला पुण्याला गेली. आम्ही दोघं खूप हसायचो. मी शाळेत त्याच चार ओळी फळ्यावर लिहीत राहिलो, आणि तिसरी ओळ लिहिताना एक म्हातारी पाटावर उभी दिसायची. मुलांना मी काही सांगितलं नाही. परीक्षेत ते विचारत नाहीत.

दरवर्षी आम्ही साळगण्याला जायचो. दरवर्षी म्हातारी म्हणायची, "इलास?" आणि आमच्या मागे बघायची, अजून कुणी उतरतंय का.

ती गेली तेव्हा शेजाऱ्यांनी निरोप धाडला. आम्ही पोचलो तोवर अग्नी दिलेला होता. दिवस झाले. पाहुणे पांगले. गाडीच्या सकाळी मी पिशव्या दाराशी आणून ठेवल्या. शेजारचे राऊळ किल्ली मागायला आले.

"किल्ली नको कुणाला," हेमलता म्हणाली.

ते गेले. ती खळ्यात बसली होती. म्हातारी बसायची तिथेच, म्हणजे जिथून पाणंद दिसते तिथे.

"चल. गाडी चुकेल."

"तुम्ही व्हा पुढे. मी राहते थोडी."

"कशाला?"

"नुसती."

"हेमा, तू त्याची वाट बघणार आहेस?"

तिला राग येईल असं वाटलं होतं. पण तिने खरंच विचार केला. शिवताना माप आठवायची तशी, डोळे बारीक करून.

"नाही हो. त्यांचा चेहरासुद्धा नाही आठवत मला."

"मग?"

"आये इथे बसायची तेव्हा निम्मी वाट माझीही तीच बघायची. मी तिकडे तुमच्याबरोबर हसत होते, आणि माझ्या वाटणीचं पण तिने बसून घेतलं. आता कुणीच नसलं तर ते सगळं..." तिने हात हलवला. वाक्य तिथेच राहिलं. "तुम्ही रागावू नका."

"रागावलो नाही. पण किती दिवस?"

"येते की."

मी पिशवी उचलली. पाणंदीच्या वळणावर मागे वळून बघितलं. ती बघत होती. मी ओळखीचा होतो. तिने मांडीवर एक झावळी ओढून घेतली.


बाहेर

तिची पत्रं येतात. खुशाल असते. माडांना पाणी आहे, सुगंधा धुरी आता तिथल्याच शाळेत बाई झाली आहे, तिने या वर्षी गोफ बसवायला मदत मागितली. शेवटी असतं: येते की. मी लिहितो की मी येऊ का, तर ती लिहिते, या ना, कधीही या.

परवा बॅग भरून स्टँडवर गेलो. कोल्हापूरची गाडी लागलेली होती. कंडक्टर माझा जुना विद्यार्थी निघाला.

"या सर, पुढं बसा. खिडकी देतो."

"तिकडून येणारी गाडी कधी पोचते रे?"

"कोल्हापूरहून? संध्याकाळी. का हो, कोण यायचंय?"

"तसं काही ठरलेलं नाही."

"मग चला की. काकूंकडंच निघालाय ना?"

"ती निघाली असली तर वाटेतच चुकामूक व्हायची," मी म्हणालो. "ती गाडी बघतो, मग जातो."

"तोवर ही सुटंल, सर."

"सुटू दे," मी म्हणालो, आणि बाकावर सरकून शेजारी एका माणसाची जागा ठेवली.